धर्माच्या गाईचे दात

डार्कटेबल हे फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर मी वापरायला लागलो ते घरच्या लिनक्सवर. कॅमेऱ्यातल्या रॉ फाइलला हे सॉफ्टवेअर हात लावत नाही. केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवतं. पण स्टुडिओतली मशीन विंडोजवाली, आणि विंडोजसाठी डार्कटेबल तेव्हा नव्हतंच. तिथल्या सॉफ्टवेअरला ती फाइल दिली, तर माझं रंगकाम त्याला वाचताच येईना. मग प्रत्येक फोटो टिफ करून न्यायचा, आणि गिऱ्हाईक "जरा उजळ करा" म्हणालं की पुन्हा घर गाठायचं.

एवढं चांगलं सॉफ्टवेअर विंडोजला का नाही? तर ते लिहिणाऱ्यांत विंडोज वापरणारं कुणी नव्हतं, म्हणून. २००९ पासून हौशी मंडळी फावल्या वेळात, स्वतःच्या फोटोंसाठी ते लिहीत होती. शिवाय एकदा बसवून दिलं की सुटलो, असं नसतं. दर आवृत्तीला ते विंडोजसाठी नव्याने तयार करायचं, तपासायचं, तक्रारी निस्तरायच्या. मॅकची तऱ्हा आणखी निराळी. मॅकओएस ॲपलच्याच मशीनवर चालवायची परवानगी, आणि धोक्याची सूचना न येता उघडेल असं सॉफ्टवेअर द्यायचं तर सहसा वर्षाला ९९ डॉलर भरायचे. फुकट राबणाऱ्याने हे खिशातून का घालावेत?

विंडोजचं काम अंगावर घेणारा माणूस मिळाला, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये २.४ आवृत्तीबरोबर विंडोजचं डार्कटेबल आलं. तेही उणिवांसकट: प्रिंटची सोय नाही, कॅमेरा जोडून फोटो काढायला वेगळा ड्रायव्हर, आणि टिफच्या नावात रोमनखेरीज लिपी चालत नव्हती. ‘साखरपुडा’ देवनागरीत लिहिलं की अडलंच.

धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारू नये म्हणतात. पण पोट त्या गाईवर असेल, तर दात आधीच मोजून घ्यावेत. सॉफ्टवेअरची लिनक्ससाठीची आवृत्ती ताजी आणि आपल्या सिस्टिमसाठीची जुनाट दिसली, तर तिला वाली उरलेला नाही असं समजा. नव्या आवृत्तीसोबत जाहीर केलेल्या उणिवा वाचा. इन्स्टॉलर मूळ प्रकल्पाच्याच साइटवरून घ्या. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या साइटवरच्या, गिंप या फोटो-सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींचं सॉफ्टवेअर चिकटवलेलं निघालं होतं. गिऱ्हाइकाच्या कामाची टिफ किंवा जेपेग प्रत ठेवाच. नुसत्या एक्सएमपीवर विसंबू नका.

आणि "आमच्यासाठी कधी करणार?" असं विचारण्यापेक्षा चाचणी आवृत्ती स्वतःच्या मशीनवर चालवा. काय केल्यावर ती बंद पडली, ते क्रमाने लिहून कळवा. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. देवनागरी नावाच्या फाइली नीट उघडतात का, हे तर आपणच बघायचं. ते दुसरं कोण बघणार?