लिव्ह-इन संपलं, आता तक्रारीची धमकी

प्रश्न : पुण्यात आम्ही तीन वर्षं एकत्र राहिलो. घरच्यांच्या विरोधामुळे लग्न जमलं नाही. आता ती ‘लग्नाचं आमिष दाखवलं’ अशी तक्रार देणार म्हणते. काय करू?

उत्तर : भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा हलक्यात घेऊ नका. मात्र शब्द पाळता न येणं वेगळं आणि फसवण्यासाठीच शब्द देणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे सुरुवातीचा हेतू महत्त्वाचा. लग्नाबद्दल घरच्यांशी झालेले मेसेज, भाडेकरार जपून ठेवा. तिच्याशी झालेलं एकही चॅट डिलीट करू नका. तिला धमकावणं तर नकोच, विनवण्यांचे फोनही नकोत. अटकपूर्व जामिनासाठी वकिलांना आजच भेटा. लग्न करायचंच नव्हतं, असं असेल तर तिची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. वकिलांना खरं तेच सांगा.