शेंदराखालचे आकडे

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील किल्ले, देवळे, बारवा आणि ओस पडलेल्या गढ्या पाहत हिंडण्यात माझ्या आयुष्यातील पन्नासाहून अधिक वर्षे गेली, आणि या भ्रमंतीत माझ्या हातून दोन प्रमाद असे घडले की, त्यांची आठवण आजही मनाला स्वस्थ बसू देत नाही. पहिला जिभेचा होता, दुसरा हाताचा. या मुलखाचा इतिहास पाहावयास जी तरुण मंडळी आता मोठ्या हौसेने बाहेर पडू लागली आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून दोन्ही सांगतो.

मी तेव्हा नांदेड जिल्ह्यातील एका शाळेत इतिहास शिकवीत असे. हिवाळ्यात एक दिवस मुलांना घेऊन कंधारला जाण्याचा आमचा रिवाज होता. नांदेडपासून सुमारे 50 किलोमीटरांवर असलेला हा भुईकोट किल्ला दुहेरी तट आणि भोवतीचा पाण्याचा खंदक यांमुळे मुलांच्या डोळ्यांत भरे, आणि त्या खंदकाकाठी बसून मुरमुऱ्यांचा सुशीला आणि भाकरी खाताना मी त्यांना मोठ्या आवेशाने सांगत असे की, शहाजहानचा वडील मुलगा दारा शुकोह याने याच कंधारला वेढा घातला होता आणि हात हलवीत परत गेला होता. एका वर्षी आमच्याबरोबर एक सेवानिवृत्त गिरदावर होते. निजामी अमदानीतील उर्दू दफ्तरात उमेदवारीपासून वाढलेला हा माणूस मुलांसमोर काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्याने मला बाजूला घेतले. "गुरुजी, दाराचा तो कंदाहार अफगाणांचा. आपला हा दख्खनचा. फारशीत दोन्ही एकसारखेच लिहितात."

घरी येऊन ग्रंथ पुन्हा काढले आणि सालांकडे नीट पाहिले, तेव्हा कानशिले तापली. अफगाणिस्तानातील कंदाहार 1638 साली मोगलांकडे आला, 1649 मध्ये तो इराणच्या शहाने घेतला, आणि दाराचा निष्फळ वेढा 1653 सालचा. आमचा कंधार मोगलांच्या नासिरीखानाने 1631 मध्येच जिंकला होता, म्हणजे दारा वेढ्याला निघाला तेव्हा हा किल्ला मोगलांच्याच ताब्यात होता! मी तारखा वाचल्या होत्या, पण एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात वर्गात उभे राहून मी चूक कबूल केली. पण आधीच्या वर्षांतील मुले तोवर गावोगाव पांगली होती, त्यांच्यापर्यंत माझी दुरुस्ती कोण नेणार?

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, ती तुम्हीही लावा. जुन्या मजकुरात गावाचे नाव आले की, त्याच्या आगेमागे कोणती गावे आली आहेत ते पाहावे. काबूल, गझनी, मुलतान असतील तर तो कंदाहार परका. उदगीर, औसा, बीदर, धारूर असतील तर तो आपला. आणि आपल्या कंधारला दाराचे उसने वैभव हवेच कशाला? राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण स्वतःस 'कंधारपुरवराधीश्वर' म्हणवीत असे, आणि ज्या लट्टलूरचे अधिपती म्हणून त्याच घराण्यातील राजे स्वतःस मिरवीत, ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे विद्वान मानतात. कंधारला क्षेत्रपालाच्या अतिप्रचंड मूर्तीचे भग्न अवयव आहेत. त्यांतील एका पावलाशेजारी माणूस उभा राहिला की, ही मूर्ती उभी असताना या गावाचे ऐश्वर्य काय असेल, हे सांगावयास वक्त्याची गरज उरत नाही.

नावामुळे होणारी फसगत उदगीरलाही भेटते. 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा जो पराभव केला, तो इतिहासात उदगीरची लढाई या नावाने प्रसिद्ध आहे, आणि म्हणून पुष्कळ प्रवासी उदगीरच्या तटावर उभे राहून इब्राहीमखान गारद्याच्या तोफा कोणत्या बुरुजावर आदळल्या असतील याचा शोध घेतात. परंतु ती किल्ल्याची लढाई नव्हती. कूच करीत असलेल्या फौजेला घेरून उदगीरपासून औशापर्यंतच्या उघड्या मुलखात झालेली ती झुंज होती. ती समजून घ्यावयाची असेल तर उदगीरहून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मध्येच कोठेतरी उतरून भोवतालचे माळ, ओढे आणि काळी रानं पाहावीत. अवजड तोफखाना आणि बाजारबुणगे यांसह चालणारी फौज अशा उघड्या रानात चपळ घोडदळाच्या तावडीत कशी सापडते, ते भूमीच सांगते. पुढे औशाला पोहोचलात की आणखी एक नवल दिसेल. हा किल्ला सखल जागी असा बसविला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. मलिक अंबरने तो घेतल्यावर गावाला अंबरापूर हे नाव दिले, त्याचे पुढे अमरापूर झाले, आणि शेवटी लोकांच्या तोंडी औसाच राहिले.

आता दुसरा प्रमाद. तो सांगावयास मला आजही जड जाते.

देगलूर तालुक्यातील एका खेड्यात, देवळाच्या अंगणात छातीएवढ्या उंचीचा एक दगड रोवलेला होता. गावकरी त्याला देव मानून शेंदूर लावीत. पिढ्यान्पिढ्यांच्या तेलाशेंदराची बोटभर जाड खोळ त्यावर चढली होती, आणि एका बाजूला ती तडकून आतली दोन अक्षरे उघडी पडली होती. वळणावरून ती कानडी असावीत असे वाटले. या भागात कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, होट्टलची देवळे त्याच काळची, आणि त्या काळचे इथले पुष्कळ शिलालेख जुन्या कानडीतच आहेत. एवढे मला ठाऊक होते. कानडी वाचता मात्र येत नव्हते. लेख सापडला या आनंदाच्या भरात मी पिशवीतली सुरी काढली आणि खोळ खरवडू लागलो. देवळाच्या ओट्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "देवाच्या अंगावरचं कामून काढूलालाव, गुरुजी?" मी तिला विद्वत्तेचे उत्तर दिले आणि काम चालू ठेवले.

शेकडो वर्षे तेल मुरलेल्या आणि आतून भुसभुशीत झालेल्या त्या दगडाचा वरचा पापुद्रा शेंदराला चिकटूनच होता. चौथ्या ओळीपाशी खोळीचा तळहाताएवढा तुकडा एकदम सुटून माझ्या हातात आला. तो उलटा करून पाहिला, तर शेंदराच्या आतल्या बाजूला काळ्या दगडाचे कण होते आणि त्यांत काही अक्षरांचे उलटे ठसे होते. मी तो रुमालात बांधून घरी आणला. वाटेतच त्याचा चुरा झाला.

पुढे हातानेच उतरून घेतलेली लेखाची नक्कल एका कानडी जाणणाऱ्या स्नेह्याला दाखविली. ती वाचून तो बराच वेळ गप्प राहिला. शक हा शब्द आहे, दुर्मती संवत्सर हे शब्द आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये जेथे आकडे असावयास हवेत, तेथे माझ्या नकलेत कोरी जागा होती.

म्हणून सांगतो, लेख आढळला की हात मागे घ्यावा. प्रथम दगड जसा आहे तसा, चारही बाजूंनी, छायाचित्रात घ्यावा. शेंदूर, चुना, रंग काही असले तरी ते काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते काम पुरातत्त्व खात्यातील जाणकारांचे आहे, आणि त्यांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर यावयास महिने लागले तरी थांबावे. ज्या दगडाने नऊशे वर्षे काढली, तो आणखी एक पावसाळा काढील. अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याची रीत सर्रास दिसते, तीही टाकून द्यावी. खडू भरणारा आपल्याला दिसेल तेच अक्षर ठळक करतो, आणि पुढच्या वाचणाऱ्याला दगडाऐवजी त्याचा तर्क वाचावा लागतो. सकाळी सूर्य वर येताना किंवा सायंकाळी तो कलताना ऊन दगडावरून तिरपे सरकते, तेव्हा दुपारी सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर ओळी आपोआप उठतात. अंगणात सावली असेल तर रात्री बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून प्रकाश आडवा सोडावा. कागदाचा ठसा घेणे ही शिकण्याची विद्या आहे. शिकल्यावाचून ओला कागद दगडावर थापू नये. खरोशाच्या लेण्यांत तर बोटही लावू नये, कारण ती जांभ्यात खोदलेली आहेत आणि तिथल्या मूर्ती आधीच इतक्या झिजल्या आहेत की, कुतूहलाचा हातदेखील त्यांना भारी आहे.

गावात शिरताच आधी पुजाऱ्याला, पोलीस पाटलाला किंवा ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना भेटावे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. देवळाला इनाम असेल तर त्याचा मुंतखब, म्हणजे इनामाचा कागद, एखाद्या पेटीत असतो, जुन्या वहिवाटीची हकीकत त्यांच्या तोंडी असते, आणि दगड मुळात कोणत्या शेतातून आणला हे त्यांनाच ठाऊक असते.

सालांचा हिशेब शिकून घ्यावा, कारण आपल्या मुलखात चार-पाच कालगणना एकमेकींत मिसळल्या आहेत. शकात 78 मिळवावेत. जानेवारी ते मार्चमधील घटना असेल तर 79, म्हणूनच उदगीरची लढाई शके 1681 मधील. मराठी दफ्तरातील शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवावे लागतात. निजामी कागदांवरील फसलीत 590. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्याला असा एक ठरीव आकडा नाही, त्यासाठी जंत्रीच हवी. आणि आकडे झिजले असले तरी संवत्सराचे नाव, तिथी आणि वार शिल्लक असतील तर पुष्कळदा वर्ष निश्चित करता येते.

माझ्या दगडावर तिथीवार नव्हते. दुर्मती संवत्सर दर साठ वर्षांनी येते. अक्षरांच्या वळणावरून शके 1003 किंवा 1063, एवढ्यापर्यंतच माझा स्नेही येऊ शकला. गेल्या माघात त्या खेड्यात पुन्हा गेलो होतो. ती म्हातारी केव्हाच गेली. तिचा नातू आता देवळाची व्यवस्था पाहतो. ऊन कलले, ओळी उठल्या, आणि त्याने विचारले, "आबा, कवाचा हाय हा दगड?" मी त्याला दोन्ही शक सांगितले. त्यांतला खरा कोणता, असे त्याने पुन्हा विचारले, तेव्हा चौथ्या ओळीतल्या त्या गुळगुळीत जागेवर बोट न लावता, मी ती त्याला दाखविली आणि काय घडले ते सारे सांगितले.