सत्तेचाळीस की नलभै एडु?

सुट्टीत बेल्लमपल्लीला मावशीकडे गेले होते. तिच्या दुसरीतल्या मुलीला मी म्हटलं, "सत्तेचाळीस लिही." तिने लिहिलं ७४. मावशी वैतागली, "रोज तीच चूक! दोन भाषांमुळे गोंधळते पोर." काकांनी शांतपणे सांगितलं, "नलभै एडु." तिने लगेच ४७ लिहिलं.

म्हणजे संख्या तिला येत होती, अडत होतं ते ऐकण्याच्या क्रमापाशी. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. तेलुगूत नलभै म्हणजे चाळीस आणि एडु म्हणजे सात. बोलणं आणि लिहिणं एकाच क्रमाने. इंग्रजीतही तसंच. जर्मनमध्ये मात्र मराठीसारखा एकक आधी. शिवाय आपल्याकडे 'एकोणपन्नास' आहेच: ऐकायचं पन्नास, लिहायचं ४९!

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा हाच होता, की मुलांना ते सोपं जातं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला जुनी नावं प्रिय आहेत. पण ती टिकवायची तर मुलांची अडचण घरीच सोडवायला हवी.

त्यासाठी चिंचोके पुरतात. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधा. चार पुरचुंड्यांवर बोट ठेवून "चाळीस", सुट्यांवर "सात", मग दोन्ही मिळून "सत्तेचाळीस". बाजारात दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी हेच काम करतात.

सापशिडी खेळताना सोंगटी २३ वर असेल आणि चार पडले, तर "एक, दोन, तीन, चार" म्हणू नका. "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणा. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना आकड्यांच्या सरळ पटावर एकूण तासभर खेळवलं. त्यांची संख्यांची समज वाढली. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांची नाही. हा अभ्यास २००८ सालचा.

आपल्यातले बरेच जण धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात. पोराने ७४ लिहिलं तर 'ढ' म्हणण्याआधी विचारा, "तुला आधी काय ऐकू आलं?" आणि घरात दुसरी भाषा असेल, तर तिलाही मदतीला घ्या. काकांनी तेच केलं.