पीटर कूपर आणि शिकाऊ उमेदवारीचा दुर्लक्षित मार्ग

निकालाच्या हंगामात ‘कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल ना?’ हा एकच प्रश्न समुपदेशकांपुढे येतो, आणि गुण कमी पडले की ‘शाळा सोडूनही माणसे उद्योगपती झालीच की’ हे दुसरे टोक गाठले जाते. या दोन्ही समजुती किती उथळ आहेत, हे अमेरिकन उद्योगपती व राजकारणी पीटर कूपर (१७९१–१८८३) यांच्या चरित्रावरून दिसते.

न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या कूपर यांना शालेय शिक्षण जेमतेम वर्षभर मिळाले. सतराव्या वर्षी ते एका बग्गी बनवणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ उमेदवार, म्हणजे अल्प वेतनावर ठरावीक मुदतीपर्यंत काम करत हुन्नर शिकणारा कामगार, म्हणून राहिले आणि चाकाच्या तुंब्याला खाचा पाडणारे यंत्र त्यांनी तेथेच तयार केले. त्यांची संपत्ती उभी राहिली ती मात्र सरसाच्या कारखान्यातून, म्हणजे जनावरांचे खूर व कातडीचे तुकडे उकळून लाकूड जोडण्याचा चिकट पदार्थ काढण्याच्या धंद्यातून. अशा वासाच्या धंद्याशी आपल्या मुलाचे नाव जोडायला आजचे किती पालक तयार होतील? १८३० मध्ये ‘टॉम थंब’ हे छोटे रेल्वे इंजिन बनवताना बाष्पकासाठी योग्य नळ्या मिळेनात, तेव्हा त्यांनी बंदुकांच्या नळ्या बसवल्या, आणि ही हातातली बुद्धी कोणत्याही क्रॅश कोर्समध्ये विकत मिळत नाही. पुढचे लोखंडाचे कारखाने, अटलांटिक तारायंत्राची केबल आणि १८७६ मध्ये कागदी चलनाचा पुरस्कार करणाऱ्या ग्रीनबॅक पक्षातर्फे वयाच्या ८५ व्या वर्षी लढवलेली व हरलेली अध्यक्षपदाची निवडणूक, हा तपशील सुपरिचित आहे.

शिक्षण सोडण्याचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात: शिक्षणाची उणीव आयुष्यभर जाणवलेल्या याच माणसाने १८५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कूपर युनियन’ ही संस्था सुरू केली आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी तेथे विनाशुल्क रात्रवर्ग चालवले, स्त्रियांनाही तेथे प्रवेश होता.

हाताचे काम आणि शिक्षण यांची अशी सांगड घालणारा मार्ग आपल्याकडेही आहे: महाराष्ट्रात दहावीनंतर आयटीआयचा (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, तरीही ‘लोक काय म्हणतील’ या एका भीतीपोटी पालक हा पर्याय मुलाला सांगतही नाहीत, हा शुद्ध अन्याय आहे. प्रवेशअर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी पालकांनी मुलासह जवळच्या आयटीआयची कार्यशाळा पाहून यावी आणि तेथे बोलण्याचे काम मुलाला करू द्यावे.