प्रकल्पग्रस्तांच्या दारातील अभ्यासक

नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी आखावी, हे समाजशास्त्राच्या तासाला आपण शिकतो. परंतु ज्यांच्या दारात ती प्रश्नावली घेऊन जायचे त्यांच्याशी वागावे कसे, हे टिपणात सहसा येत नाही. कोयना प्रकल्पाच्या उदाहरणाने त्याचा विचार करू.

सुमारे १९६० मेगावॉट क्षमतेच्या या वीजप्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातील अनेक गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड जिल्ह्यांत पांगली. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ साली. माणसे उठली ती त्याच्या कितीतरी आधी. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली.

माझे आजोबा त्याच खोऱ्यातले. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या वसाहतीत वह्या घेऊन येणारे मी लहानपणापासून पाहिले. किती जमीन गेली, किती मिळाली, हेच प्रश्न! आजोबा दरवेळी कागदांची पिशवी सोडून दाखवीत. त्या अभ्यासांचे पुढे काय झाले, हे वसाहतीत कोणाला कळले नाही. पाहुण्यांचा चहा थांबला नाही. उत्तरे मात्र आखूड होत गेली.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपली ओळख. प्रकल्पग्रस्तांच्या लेखी 'सर्वे' म्हणजे मोजणी. जमीन जाणार तरी, नाहीतर मिळणार तरी. आपण विद्यार्थी आहोत, आपल्या हाती जमीनही नाही अन् मोबदलाही नाही, हे आरंभीच सांगावे. न सांगितल्यास आशेने किंवा भीतीने आकडे बदलतात. म्हणजे हा केवळ सौजन्याचा नव्हे, शास्त्राचाही प्रश्न आहे.

दुसरी, कोणाला विचारावे? केवळ खातेदारांची यादी धरली, तर सात-बारावर नाव नसलेले शेतमजूर आणि बहुतेक स्त्रिया सुटतात. नुकसान त्यांचेही झालेले असते.

तिसरी, केव्हा विचारावे? भाताच्या लावणीत जाऊ नये. भूकंपात घरचे माणूस गेलेल्याने 'ते नको' म्हटले, तर वही मिटावी.

चौथी, गुप्तता. लहान वस्तीत नाव बदलून भागत नाही. 'दोन एकर मिळालेली विधवा' एवढे लिहिले तरी सारे गाव ओळखते आणि भाऊबंदकीच्या तंट्याला निमित्त मिळते.

पाचवी, परतफेड. निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून वस्तीत वाचून दाखवावेत. लोकांनी चूक दाखवली तर ती नोंदवावी. मोबदल्याच्या अर्जाला जोडता येईल असा एखादा तक्ता त्यातून निघाला, तर तो त्यांच्याच कामी येईल.

यंदा आमच्या वर्गाची क्षेत्रपाहणी व्हायची आहे. अहवालाची एक प्रत वस्तीला पोचल्याशिवाय त्याचे गुण देऊ नयेत, असा नियम विभागाने करावा, ही माझी नम्र सूचना आहे.