वैमानिकाचा अभ्यास : वर्गांत कीं घरीं?

शाळेंतील शिक्षण संपत आलें म्हणजे पुढें काय करावें हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढें उभा राहतो, आणि त्यास "वैमानिक होणार" असें उत्तर देणारे मुलगे व मुली आतां जवळजवळ प्रत्येक वर्गांत आढळतात. ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु विमान चालविणें म्हणजे केवळ सुकाणू हातीं धरणें नव्हे. आकाशांत चढण्यापूर्वीं पुष्कळसा अभ्यास जमिनीवर बसून करावा लागतो. तो पूर्णवेळ वर्गांत जाऊन करावा कीं दूरशिक्षणानें घरीं राहून करावा, ह्या निवडीवर विद्यार्थ्याचें एखादें वर्ष व आईबापांची बरीचशी शिल्लक अवलंबून असते. यास्तव ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या दोन्ही मार्गांचे नियम युरोपांत स्पष्टपणें आंखून दिलेले आहेत, म्हणून उदाहरणादाखल तेथील व्यवस्था पाहूं. मोठ्या प्रवासी विमानावर जाऊं इच्छिणाऱ्यास तेथें १३ विषयांची परीक्षा द्यावी लागते. हवाई कायदा, विमानाची रचना व यंत्रणा, उपकरणें, वजन व समतोल, विमानाची कार्यक्षमता, उड्डाणाची आंखणी, मानवी शरीर व मन यांच्या मर्यादा, हवामानशास्त्र, सामान्य मार्गनिर्देशन, रेडिओ मार्गनिर्देशन, उड्डाणाच्या कार्यपद्धति, उड्डाणाचीं तत्त्वें आणि रेडिओवरील संभाषण, असे ते विषय होत. प्रत्येकांत शेंकडा ७५ गुण मिळविल्यावांचून उत्तीर्ण होतां येत नाहीं.

अभ्यासाचे मार्ग दोन. पहिला, मान्यताप्राप्त शाळेंत रोज जाऊन पूर्णवेळ शिकण्याचा. ह्यास सुमारें सहा महिने लागतात. दुसरा, पुस्तकें, संगणकावरील धडे व शिक्षकांशीं पत्रव्यवहार यांच्या साह्यानें घरीं शिकण्याचा. ह्यास बहुधा एक ते दीड वर्ष लागतें. दुसऱ्या मार्गानें जाणाराहि वर्गापासून अगदीं सुटत नाहीं. टप्प्याटप्प्यानें घ्यावयाच्या शिक्षणक्रमांत एकंदर ६५० तासांचा अभ्यास नेमलेला आहे, आणि दूरशिक्षण घेतलें तरी त्याचा निदान दहावा हिस्सा, म्हणजे ६५ तास, प्रत्यक्ष वर्गांत बसून करावा लागतो.

आतां थोडा हिशेब करूं. आठवड्यास ३० तास अभ्यास केला तर ६५० तास सुमारें २२ आठवड्यांत पुरे होतात. १५ तास केला तर ४३ आठवडे लागतात. आणि १० तासच मिळाले तर ६५ आठवडे, म्हणजे सवा वर्ष. दिवसभर नोकरी करून रोज दीड तास वांचविणारा तरुण ह्या शेवटच्या गटांत बसतो. शिवाय परीक्षेचा नियम असा कीं, पहिला विषय ज्या महिन्यांत दिला त्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांच्या आंत सर्व विषय सुटले पाहिजेत, आणि एका विषयास चारांहून अधिक वेळां बसतां येत नाहीं. ही मर्यादा ओलांडली कीं सुटलेले विषयहि पुन्हां द्यावे लागतात. म्हणजे घरीं अभ्यास करणाऱ्याला वेळ अधिक मिळतो हें खरें, पण तो अमर्याद मिळत नाहीं.

पूर्णवेळ वर्गाचे लाभ उघड आहेत. तेथें दिवस बांधलेला असतो. शंका आली कीं ती त्याच तासास विचारतां येते, आणि चुकीची समजूत महिनोन्‌महिने मनांत रुजून बसत नाहीं. सोबतीचे विद्यार्थी असल्यामुळें मागें पडणारा स्वतःच सावध होतो. पण फी, राहण्याजेवणाचा खर्च आणि त्या काळांत बुडणारी कमाई हीं तिन्ही जमेस धरलीं पाहिजेत. आणि शिक्षक ज्या वेगानें चालतो त्या वेगानें सर्वांस चालावें लागतें. ज्याचें गणित कच्चें आहे तो तिसऱ्या आठवड्यांतच धापा टाकूं लागतो.

दूरशिक्षणाचा मोठा गुण हा कीं, शिकतां शिकतां पोटापुरतें कमावितां येतें व पुढील उड्डाणाच्या खर्चासाठीं पैसा सांठवितां येतो. कठीण धडा दहा वेळां वाचण्याची मोकळीक असते. परंतु येथें हजेरी घेणारा कोणी नसतो. घरांत लग्नकार्य निघतें, कचेरींत काम वाढतें, एक आठवडा चुकतो, मग दुसरा. आणि पहिल्या विषयांतलें शिकलेलें शेवटच्या विषयापर्यंत विसरून जातें.

दोन्ही मार्गांवर एक खड्डा मात्र सारखाच आहे. परीक्षेचे प्रश्न व उत्तरें यांचे मोठमोठे संग्रह मिळतात, आणि समजून न घेतां तेच पाठ करण्याचा मोह फार होतो. सरावासाठीं ते चांगले. ज्ञानाऐवजीं ते घातक. एक उदाहरण घ्या. समुद्रसपाटीस हवेचें प्रमाणित तपमान १५ अंश सेल्सिअस धरतात, आणि दर १,००० फुटांस तें सुमारें २ अंशांनीं उतरतें. नागपूरचा विमानतळ सुमारें १,००० फूट उंचीवर आहे. तेथें प्रमाणित तपमान १३ अंश. मे महिन्यांतील दुपारीं पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तो ३२ अंशांनीं अधिक झाला. दर अधिक अंशास सुमारें १२० फूट ह्या ठोकताळ्यानें ३,८४० फूट होतात. त्यांत मूळचे १,००० मिळविले, तर हवेचा दाब नेहमींचा असूनहि विमान जणूं ४,८४० फूट उंचीवरून, म्हणजे महाबळेश्वराहूनहि उंच ठिकाणाहून, उडत असतें. हवा विरळ, म्हणून इंजिनाचा जोर कमी, पंखांची उचल कमी, आणि धांव लांब. ज्यानें आंकडा पाठ केला तो परीक्षा उतरेल; ज्याला कारण समजलें तोच भर दुपारीं माणसें व सामान किती घ्यावें हें ठरवूं शकेल. त्याच्या मागें बसलेल्यांचे प्राण ह्या समजुतीवर अवलंबून असतात.

मग निवड कशी करावी? "कोणता मार्ग चांगला?" हा प्रश्न आमच्या मतें चुकीचा आहे. "माझ्या तासांचा राखणदार कोण?" असें स्वतःस विचारावें. आठ आठवडे स्वतःची परीक्षा घ्या. पदार्थविज्ञान व गणित यांचीं शाळेचीं पुस्तकें घेऊन आठवड्यास १२ तास अभ्यास ठरवा, आणि रोज किती झाला तो वहींत प्रामाणिकपणें लिहा. आठव्या आठवड्याच्या शेवटीं एखादा धडा धाकट्या भावंडास समजावून सांगा. वही भरली व धडा सांगतां आला, तर घरचा मार्ग तुम्हांस झेपेल. वही कोरी राहिली, तर तुम्ही नालायक ठरत नाहीं. तुम्हांस घंटेची व वर्गाची गरज आहे एवढेंच तें सांगते, आणि खर्च झेपत असेल तर पूर्णवेळ वर्गच धरावा.

पालकांस चार गोष्टी सुचवितों. पहिली, फी भरण्यापूर्वीं मुलाची किंवा मुलीची वैमानिकासाठीं नेमलेली वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत दोष निघाल्यावर भरलेला पैसा परत येईलच असें नाहीं. दुसरी, सर्व रक्कम एकदम देऊं नये. २०२३ व २०२४ सालीं ब्रिटनमधील कांहीं उड्डाणशाळा बंद पडल्या, आणि आगाऊ पैसे भरलेले विद्यार्थी अडकले. तिसरी, नोकरी कोणत्या देशांत करावयाची तें आधीं ठरवावें. ब्रिटनचा व युरोपीय संघाचा परवाना २०२१ पासून निरनिराळा झाला आहे, आणि परदेशचा परवाना घेऊन येणाऱ्यास भारतांतील परवान्यासाठीं येथील कांहीं परीक्षा द्याव्याच लागतात. चौथी, येथेंच शिकण्याचाहि विचार करावा. गोंदिया व बारामती येथें उड्डाणशाळा आहेत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षांत शेंकडा ७० गुणांनीं उत्तीर्ण होतां येतें, आणि कित्येक उमेदवार खाजगी वर्गांत किंवा घरीं अभ्यास करून त्या देतात. त्यांनाहि वरील आठ आठवड्यांची कसोटी तितकीच लागू आहे.

विद्यार्थ्यांनो, ह्या कसोटीस वर्गाची फी लागत नाहीं व परवान्याची वाट पाहावी लागत नाहीं. वही आजच आणा आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला.