आधी अंदाज, मग चित्र

पोरी, येलहंक्यात नोकरीला रुजू होतेस. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याने लिहिलेला कोड गळ्यात पडेल. नुसता वाचून तो उमगत नाही, चालताना बघावा लागतो. तिथल्या रेल व्हील फॅक्टरीत चाकं वरून कितीही चोख दिसली तरी अल्ट्रासोनिक लहरींनी आतून तपासतात. कोडचंही तसंच. आत्याचे हे चार कानमंत्र गाठीला बांध.

आधी कागद घे. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, प्रत्येक पायरीला एक ओळ. इनपुट लहान ठेव. फिबोनाचीचं साधं रिकर्सिव्ह फंक्शन 5 साठी झाडासारखं काढून बघ. एकूण 15 कॉल होतात, त्यात 2 साठीचा तीनदा. आलेलं उत्तर साठवून का ठेवायचं, ते मग कुणी सांगायला नको.

पायथनमध्ये अडलीस तर फिलिप ग्वो यांनी 2010 मध्ये सुरू केलेलं पायथन ट्यूटर उघड; ते कोडची प्रत्येक पायरी चित्रात दाखवतं. पण पुढच्या पायरीचं बटण दाबण्याआधी दर वेळी ठरव, आता काय होणार? समज, ‘अ’ ही [1, 2] अशी यादी आहे. ‘ब = अ’ लिहून ‘ब’मध्ये 3 घातलास, तर ‘अ’मध्ये आकडे किती? दोन म्हणालीस, तर चित्र बघ: दोन्ही नावांचे बाण एकाच यादीकडे जातात आणि तिथं आकडे तीन आहेत. जिथं अंदाज चुकला ते वहीत टिपून ठेव. बग बहुतेक वेळा तिथूनच निघतात.

मोठ्या कोडमध्ये जागोजागी प्रिंट पेरू नकोस. डीबगरमध्ये ब्रेकपॉइंटला अट घाल: बिलाची रक्कम शून्याखाली गेली तरच थांब. थांबलं, की कॉल स्टॅकवरून मागे मागे जा आणि कुणी कुणाला कॉल केलं ते बघ.

प्रोग्राम रेंगाळतोय? ब्रेंडन ग्रेग यांनी 2011 मध्ये शोधलेला फ्लेम ग्राफ काढ. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते असं समजू नकोस; पट्ट्या सहसा नावांच्या अक्षरक्रमाने लागतात. बघायची ती रुंदी, म्हणजे फंक्शनला लागलेला वेळ. उंची म्हणजे कॉलची खोली, उंच सुळक्याला घाबरायचं कारण नाही. वरच्या कडेला रुंद सपाट पट्टी दिसली, तर तिथं हात घाल. डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ मात्र नेहमीच्या सीपीयू फ्लेम ग्राफमध्ये दिसत नाही, तो वेगळा मोज.

साधनं बदलत राहतील. अंदाज न बांधता चित्र बघितलंस, तर ती नुसती करमणूक होईल. अंदाज बांधून बघितलंस, तर कोड तुझा होईल.